ग्रॅनाइटातील युरेनियम व विरल धातू

ग्रॅनाइटात युरेनियम, टंगस्टन, कथील, लिथियम, टँटॅलम इ. धातू लेशमात्र प्रमाणात विखुरलेले असतात. खडकातील भेगांतून उष्ण वा थंड पाणी दीर्घकाळ वाहिल्यास मूळ खनिजे बदलतात, म्हणजेच खडकाचे परिवर्तन होते, आणि हे धातू विरघळून अन्यत्र साचतात. सामान्य ग्रॅनाइटाच्या दर दहा लक्ष भागांत युरेनियम ३ ते ५ भाग असते. खाणीतून काढण्याजोग्या धातुकात ते काही शे भाग असावे लागते.

संकेंद्रणाची सुरुवात शिलारस थिजतानाच होते. या धातूंचे आयन क्वॉर्ट्‌झ, फेल्स्पार व अभ्रक यांच्या स्फटिकांत सहज सामावत नाहीत. त्यामुळे ते शेवटी उरणाऱ्या, पाणी, फ्ल्युओरीन व बोरॉन यांनी समृद्ध अशा शिलारसात राहतात. मात्र झिरकॉन किंवा मोनॅझाइटात अडकलेले युरेनियम पाण्याच्या हाती सहसा लागत नाही, तर युरॅनिनाइटातील सहज लागते. म्हणून ग्रॅनाइटात युरेनियम किती आहे यापेक्षा ते कोणत्या खनिजात आहे, हे अधिक महत्त्वाचे ठरते.

ऑक्सिजनयुक्त पाण्यात युरेनियम षट्‌संयुजी होऊन विरघळते व कार्बोनेटाबरोबर दूरवर जाते. पायराइट, जैव द्रव्य किंवा लोहयुक्त क्लोराइट यांच्याशी गाठ पडली की त्याचे क्षपण होते. ते चतुःसंयुजी होऊन अविद्राव्य बनते व तेथेच साचते. याचे उत्तम उदाहरण फ्रान्सच्या लिमूझँ प्रदेशात आढळते. तेथील सु. ३२ कोटी वर्षांपूर्वीच्या ग्रॅनाइटातील क्वॉर्ट्‌झ उष्ण पाण्याने विरघळून गेले आणि खडक स्पंजासारखा सच्छिद्र झाला. पुढे काही कोटी वर्षांनी त्या पोकळ्यांत युरेनियम साचले. जागा आधी रिकामी झाली, ती भरणारा धातू नंतर आला. तेथील शेवटची खाण २००१ मध्ये बंद झाली.

महाराष्ट्राचा सु. चार-पंचमांश भाग बेसाल्टाने व्यापलेला असल्याने तेथे असे निक्षेप मिळत नाहीत. ठाण्यातील मानपाड्यालगतचे येऊरचे डोंगरही दख्खनच्या लाव्ह्याचेच आहेत. बेसाल्टात युरेनियम दर दहा लक्ष भागांत एका भागाहूनही कमी असते, आणि त्याच्या परिवर्तनातून पोकळ्यांत झिओलाइटे, कॅल्साइट यांसारखी खनिजे तयार होतात. पूर्व विदर्भात मात्र लाव्ह्याचे आवरण नाही. नागपूर जिल्ह्यातील कुही, खोबना व आगरगाव येथे क्वॉर्ट्‌झाच्या शिरांत व ग्रायझेनात वुल्फ्रॅमाइट आणि शेलाइट ही टंगस्टनाची धातुके आढळतात. ग्रायझेन म्हणजे फेल्स्पार नाहीसा होऊन क्वॉर्ट्‌झ व पांढरे अभ्रक उरलेला खडक. हे धातुक हीन प्रतीचे आहे.

तेलंगणातील लंबापूर-पेद्दगट्टू येथे सु. २५० कोटी वर्षांपूर्वीच्या ग्रॅनाइटावर श्रीशैलम गटाचा क्वॉर्ट्‌झाइट विसंगतीने वसला आहे. युरेनियम मुख्यतः या सीमेलगत, ग्रॅनाइटाच्या भेगांत, क्लोराइट व मृत्तिका खनिजांच्या संगतीत साचले आहे. नागार्जुनसागर जलाशय जवळच असल्याने २००३ च्या सुमारास खाणप्रकल्पास तेथील लोकांनी विरोध केला. दक्षिण चीनमध्ये परिवर्तन उष्ण पाण्याने नव्हे, तर पावसाने घडले. ग्रॅनाइट कुजून झालेल्या केओलीनयुक्त मातीच्या कणांवर विरल मृत्तिका मूलद्रव्ये चिकटून राहतात. त्यांचे प्रमाण अल्प असले, तरी लवणांच्या विद्रावाने ती सहज सुटतात. त्याच सुलभतेने हा विद्राव भूजलातही झिरपतो.

धातू साचविणारी ही क्रिया पिण्याच्या पाण्याशीही निगडित आहे. कर्नाटक व तेलंगणातील ग्रॅनाइटी प्रदेशांत खोल विंधन विहिरींतील पाण्यात काही ठिकाणी युरेनियमाचे प्रमाण जास्त आढळले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ पासून त्याची तात्पुरती मार्गदर्शक मर्यादा दर लिटरला ३० मायक्रोग्रॅम ठेवली आहे. हा धोका मुख्यतः किरणोत्सर्गाचा नसून मूत्रपिंडांवर होणाऱ्या रासायनिक परिणामाचा आहे. पाणी उकळल्याने युरेनियम जात नाही. त्यासाठी व्युत्क्रमी तर्षण किंवा आयन-विनिमय ही पद्धत वापरावी लागते.