स्क्रॅचचा मिक्सर पारखून घ्या

डीजे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जयंतीच्या मिरवणुकीतले भिंतीएवढे स्पीकर उभे राहतात. स्क्रॅच डीजेची कला मात्र वेगळी. तो तबकडी हाताने पुढेमागे फिरवून तिच्यातून नवा आवाज काढतो. आज आपल्या वस्त्यांतली मुलेमुलीही हिप-हॉप ऐकतात. त्यांतल्या कुणाला ही कला शिकावीशी वाटली, तर बेताच्या मिळकतीतून घ्यायचे यंत्र पारखूनच घ्यावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

बाबासाहेब १९१३ साली ज्या न्यूयॉर्क शहरात शिकायला गेले, त्याच शहरातील ब्राँक्स भागात ही कला जन्मली. ती घडवली कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांच्या मुलांनी, १९७० च्या दशकात. बार्बाडोस बेटावर जन्मलेला ग्रँडमास्टर फ्लॅश तिथल्या व्यवसाय शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकला. एक तबकडी वाजत असताना दुसरी हेडफोनवर ऐकता यावी, असा खटका त्याने सुटे भाग जोडून स्वतः बनवला. त्याच भागातला ग्रँड विझर्ड थिओडोर आई रागावली म्हणून फिरती तबकडी हाताने धरून बसला आणि त्यातून त्याला स्क्रॅच सापडला.

आता खरेदीविषयी. स्क्रॅचसाठी दोन चॅनेलचा मिक्सर पुरतो. त्याचा प्राण म्हणजे क्रॉसफेडर, म्हणजे खालच्या बाजूची आडवी सरकपट्टी. एका हाताने तबकडी हलवायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी या पट्टीने आवाज तोडायचा, जोडायचा. म्हणून ती हलकी असावी. टोकापासून केसभर सरकताच आवाज पूर्ण उघडला पाहिजे आणि टोकाला नेताच तो पूर्ण बंद झाला पाहिजे. आवाज किती झटकन उघडावा हे ठरवणारे बटण आणि पट्टीची दिशा उलटी करणारा खटकाही असावा.

साध्या पट्टीत आतले भाग एकमेकांवर घासतात. धूळ बसली, झीज झाली की खरखर सुरू होते. चुंबकीय पट्टीत असे घर्षण नसते, म्हणून ती जास्त टिकते. रेन कंपनीचा टीटीएम ५६ अशाच पट्टीमुळे नावाजला. साधी पट्टी घेतलीत, तर चार स्क्रू काढून ती बदलता येते का, हे विचारा.

जुना मिक्सर घेताना हेडफोन लावून पट्टी शंभर वेळा सरकवून पाहा. सुटे भाग मिळतील का, हेही पाहा. जपानच्या व्हेस्टॅक्स कंपनीचे मिक्सर स्क्रॅचवाल्यांचे लाडके होते, पण ती कंपनी २०१४ मध्ये बंद पडली. टर्नटेबलचा आवाज क्षीण असतो, म्हणून मिक्सरला 'फोनो' जोडणी हवीच. अर्थिंगची तार जोडण्याचा स्क्रूही हवा, नाहीतर घुंई आवाज येतो. झगमगते दिवे आणि ढीगभर इफेक्ट यांवर पैसे घालवू नका.

एका घराला हा खर्च झेपणार नाही, हे आम्ही जाणतो. त्यासाठी कुणी कर्ज काढू नये. जयंती मंडळाने वर्गणीतून एक चांगला मिक्सर आणि दोन टर्नटेबल घेऊन विहाराच्या खोलीत ठेवावेत. हेडफोनवर सराव केला तर शेजाऱ्यांना त्रास नाही. मुलांबरोबर मुलींनाही पाळी द्यावी आणि फ्लॅशसारखे यंत्र उघडून दुरुस्त करायलाही शिकवावे. जयभीम!