मासा नशिबानं नाही, प्राणवायूनं लागतो

गळ टाकणाऱ्यांना ठरलेला सल्ला मिळतो: पहाट गाठा. पण नालासोपाऱ्याचं चक्रेश्वर किंवा निर्मळचं तळं यांसारख्या वस्तीतल्या साचलेल्या पाण्यासाठी तो तपासून घ्यायला हवा. पाणी हिरवट असेल तर त्यातलं शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडतं आणि रात्री तोच वापरतं. त्यामुळे सूर्योदयाच्या सुमारास तो सर्वांत कमी असतो. अशा वेळी रोहू, कटला, मृगळ सुस्तावतात, खाणं टाळतात. म्हणून उन्हाळ्यात ऊन थोडं वर आल्यावर, वारा ज्या काठाकडे वाहतो तिथे बसावं. लाटांमुळे तिथलं पाणी हवा घेतं आणि तरंगतं खाद्यही तिकडेच जमतं. आमिषाची खोलीही पाहा: कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी खातो.

"मग पहाटे मरळ कशी लागते?" कारण मरळ पृष्ठभागावर येऊन थेट हवेतून श्वास घेते. तानसा-वैतरणेच्या वाहत्या गोड्या पाण्यातही पहाट चांगली, कारण तिथे प्रवाह हवा मिसळत राहतो. दोन्हीकडे हिशेब प्राणवायूचाच आहे. तळं ठेक्यावर दिलेलं असेल तर आधी परवानगी घ्या, आणि पावसाळ्यात नदीत गाभोळीनं भरलेली मादी लागली तर अलगद परत सोडा. पुढच्या वर्षीचे मासे तिच्यातूनच येणार आहेत.