ब्रेक थरथरला तर पाय काढू नका

आमच्या गावच्या एका शेतकऱ्यांनी जुनी मोटार विकत घेतली. मोटार चांगली होती. चार महिने बिनबोभाट चालली. मग एके दिवशी एक विचित्र गोष्ट घडली.

दुपारची वेळ होती. रस्ता कोरडा, डांबरी. ते तालुक्याहून परत येत होते. गावात शिरताना शाळेजवळ वळण आहे. तिथं त्यांनी वेग कमी केला आणि थांबण्यासाठी ब्रेकवर हलकेच पाय ठेवला. मोटार थांबत आली, तोच पायाखालचं पेडल थरथरू लागलं. पुढून गर्र गर्र असा आवाज आला. पेडल जणू पायालाच उलट ढकलू लागलं. ते घाबरले. ब्रेक तुटला असं त्यांना वाटलं. त्यांनी झटकन पाय उचलला. थांबायची ती मोटार पुढं सरकली आणि शाळेच्या कुंपणावर गेली. दोन खांब वाकले. शाळा सुटायला पाच मिनिटं होती, म्हणून खांबांवर निभावलं.

ब्रेक मुळीच तुटला नव्हता. त्या मोटारीत एबीएस नावाची एक सोय होती. ती भलत्या वेळी कामाला लागली होती, एवढंच.

ही एबीएस म्हणजे काय, ते आधी पाहू.

पावसाळ्यात शेताच्या बांधावरून उतरताना काय होतं? पाय घट्ट पडला तर आपण थांबतो, हवं तिकडं वळतो. पण पाय एकदा घसरला, की ना थांबता येत, ना वळता येत. चाकाचंही तसंच आहे. चाक फिरत असतं तोवर ते रस्ता धरून असतं. जोरात ब्रेक दाबला आणि चाक जागच्या जागी अडकलं, की ते नुसतं घसरत जातं. मग सुकाणू कितीही फिरवा, मोटार सरळच जाते. मोटारसायकलचं पुढचं चाक अडकलं तर माणूस आडवाच होतो.

म्हणून एबीएस चाकावर पाळत ठेवते. चाक अडकतंय असं दिसलं, की ती त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सैल सोडते. चाक फिरू लागलं, की पुन्हा आवळते. गाडीवान उतारावर कासरा ओढतो, सैल सोडतो, पुन्हा ओढतो, तसंच हे. फरक इतकाच की एबीएस हे काम एका सेकंदात दहा-दहा, पंधरा-पंधरा वेळा करते. ब्रेकच्या नळीतलं तेल असं मागं-पुढं होतं, म्हणून पेडल थरथरतं. गर्र आवाज येतो तो तेल परत ढकलणाऱ्या पंपाचा. मोटारसायकलवर हीच थरथर हाताच्या ब्रेकला लागते. ती थरथर म्हणजे मोडतोड नव्हे.

ही युक्ती तशी जुनी आहे. विमान उतरताना त्याची चाकं अडकू नयेत म्हणून १९५० नंतरच्या दहा वर्षांत ती विमानांना बसवू लागले. १९७८ साली जर्मनीत ती विजेच्या यंत्रासह मोटारीत आली. आपल्याकडं एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या इंजिनाच्या प्रत्येक नव्या मोटारसायकलला ती सक्तीची झाली. तेव्हा ही थरथर आज ना उद्या तुमच्याही हातापायाला लागणारच.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही तर ब्रेक हळूच दाबला होता. मग ती कामाला लागली कशी?

पुष्कळदा दोष रस्त्याचा असतो. ऊस वाहणारे ट्रॅक्टर रस्त्यावर चिखल पाडत जातात. वळणावर बारीक खडी साठते. पहिल्या पावसात डांबरावरचं तेल आणि धूळ मिळून बुळबुळीत थर होतो. अशा जागी हलक्या ब्रेकनेही चाक घसरतं. गतिरोधकावर तर चाक क्षणभर उडतं. त्याच वेळी ब्रेक दाबलेला असला, तर हवेतलं चाक लगेच थांबतं. एबीएसला वाटतं चाक घसरलं, आणि ती ब्रेक सोडते. यात यंत्राचा काही गुन्हा नाही. मात्र एक लक्षात असू द्या. सुट्या खडीवर आणि भुसभुशीत मातीवर एबीएस असलेली गाडी थांबायला जास्त जागा घेऊ शकते. अडकलेलं चाक मातीत रुततं, पुढं मातीचा ढीग करतं आणि त्याला अडतं. फिरणाऱ्या चाकाला तो आधार मिळत नाही. एबीएस आहे म्हणून कच्च्या रस्त्यावर निर्धास्त राहणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

पण शाळेजवळचा रस्ता कोरडा होता. खडी नव्हती, गतिरोधक नव्हता. तिथं काय झालं?

तिथं एबीएस फसली होती. चाक घसरतंय की फिरतंय हे तिला कसं कळतं? चाकाच्या आतल्या बाजूला एक दातेरी कडं असतं. चाकाबरोबर ते फिरतं. त्याच्या जवळ, पण त्याला न चिकटता, बोटाएवढा एक सेन्सर बसवलेला असतो. जुन्या तऱ्हेच्या सेन्सरात लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं असतं. कड्याचा एकेक दात समोरून गेला, की त्यातून विजेचा एकेक बारीक झटका जातो. त्या झटक्यांवरून चाकाचा वेग मोजला जातो.

आता सेन्सरच्या बुडाशी गंज साचला तर? गंज फुगतो आणि सेन्सरला वर उचलतो. दात आणि सेन्सर यांच्यात अंतर पडतं. लोखंडाचा कीस सेन्सरला चिकटला, कड्याला तडा गेला, चाकाचं बेरिंग ढिलं झालं, तरी मोजणी बिघडते. चाक जोरात फिरतं तेव्हा झटके जोरदार असतात, म्हणून चूक लपते. वेग कमी झाला, की झटके क्षीण होतात आणि काही तर पोचतच नाहीत. यंत्राला वाटतं, हे चाक थांबलं, पण बाकीची तीन फिरताहेत. म्हणजे हे अडकलं! आणि ती ब्रेक सैल सोडते. म्हणूनच ही खोड मोटार अगदी थांबता थांबता दिसते.

समोरचा पिवळा दिवा मात्र लागेलच असं नाही. आपली मोजणी चुकते आहे हे त्या यंत्राला स्वतःलाच ठाऊक नसतं. दिवा लागला नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरून चालू नका.

अशा वेळी करायचं काय? पाय काढायचा नाही. दाबून धरायचा. वेग ताशी २० किलोमीटर असला, तरी मोटार एका सेकंदात साडेपाच मीटर जाते. अर्धा सेकंद पाय उचलला तर पावणेतीन मीटर फुकट गेले. पाय दाबलेला असला, की बाकीची चाकं ब्रेक धरून असतात. अगदी कमी वेगात एबीएस आपोआप बाजूला होते आणि ब्रेक पुरता लागतो. पेडलवर धपाधप पाय मारायची जुनी सवय इथं उपयोगाची नाही. ते काम यंत्र करतंच आहे.

आणि कोरड्या रस्त्यावर, कमी वेगात असं दोनदा झालं, तर तिसऱ्या खेपेची वाट पाहू नका. मेकॅनिककडं न्या. ‘एबीएस बिघडली’ एवढंच सांगू नका. ‘कोरड्या रस्त्यावर, थांबता थांबता पेडल थरथरतं,’ असं सांगा. निम्मं काम तिथंच होतं. त्याच्याजवळ गाडीला जोडायचं यंत्र असतं. गाडी हळू चालवत त्यावर चारही चाकांचा वेग पाहता येतो. जे चाक मध्येच शून्य दाखवतं, तिथं चोर सापडला. ते पाहण्याआधीच कुणी पंपाचा सगळा संच बदला म्हणाला, तर आम्ही असतो तर दुसऱ्या मेकॅनिककडं गेलो असतो. तो संच फार महाग असतो, आणि गंज खरवडायला तासाभराची मजुरी पुरते.

काही जण एबीएसचा फ्यूजच काढून टाकतात. मग थरथर बंद होते, साधा ब्रेक चालतो. पण पुष्कळ मोटारींत मागच्या चाकांना किती ब्रेक द्यायचा हेही तेच यंत्र ठरवतं. फ्यूज काढला की मागची चाकं आधी अडकून मोटार गरकन फिरू शकते. गाडी गॅरेजपर्यंत न्यायला हा उपाय एक वेळ ठीक, पावसाळा काढायला नव्हे.

शाळेजवळच्या त्या मोटारीचं पुढचं डावं चाक काढलं. सेन्सर हबमध्ये इतका घट्ट बसला होता की तो काढताना तुटला. “काका, ब्रेक तुमचा शाबूत आहे. चाकाचा हिशेब चुकत होता,” मेकॅनिक म्हणाला. त्यानं खाचेतला गंज पॉलिश पेपरनं घासून काढला आणि नवा सेन्सर बसवला. मग दोघं मोकळ्या मैदानात गेले आणि दहा-बारा वेळा हळू येऊन ब्रेक दाबून पाहिला. पेडल एकदाही थरथरलं नाही. रविवारी काकांनी फावडं आणि पहार घेऊन शाळेचे दोन खांब सरळ केले.