रेघ तुटते, त्यात माउसचा दोष नाही

सुट्टीतल्या वर्गात मी मुलांकडून पायथॉनच्या पायगेम लायब्ररीत चित्र काढायचा छोटा प्रोग्रॅम करून घेतो. दरवर्षी एकच तक्रार येते. बटण दाबून माउस सावकाश ओढला की छान रेघ उमटते, झपकन ओढला की नुसते सुटेसुटे ठिपके. निदानही ठरलेलं असतं: "सर, माउस खराब आहे." नाहीतर, "पीसी स्लो आहे." एका मुलाच्या वडिलांनी यापायी महागडा गेमिंग माउस आणून दिला. ठिपके होते तेवढेच लांब राहिले, रेघ काही झाली नाही. त्या पैशांची मला अजून हळहळ वाटते, कारण दुरुस्ती दोन ओळींची होती.

मुळात समजूतच चुकीची आहे. माउस ज्या ज्या पिक्सेलवरून जातो, तो प्रत्येक पिक्सेल प्रोग्रॅमला कळतो असं सगळे धरून चालतात. तो कळत नाही आणि कधी कळतही नव्हता.

साध्या यूएसबी माउसकडून कॉम्प्युटर सेकंदाला साधारण 125 वेळा, म्हणजे दर 8 मिलिसेकंदांनी, विचारून घेतो की मागच्या खेपेपासून किती सरकलास. मधल्या वाटेची नोंद कुणीच ठेवत नाही. आता 1920 पिक्सेल रुंद स्क्रीन पाव सेकंदात ओलांडून बघा. तेवढ्या वेळात नोंदी होतात जेमतेम 31, म्हणजे दोन नोंदींत सुमारे 62 पिक्सेलचं अंतर. सेकंदाला 1000 नोंदी देणारा गेमिंग माउस घेतला तरी 7-8 पिक्सेलची फट उरतेच. त्यात मुलांचा प्रोग्रॅम सेकंदाला 60 फ्रेम चालणारा, आणि माउस कुठे आहे हे प्रत्येक फ्रेमला एकदाच विचारणारा. मग पाव सेकंदात मिळतात 15 ठिपके, 128 पिक्सेलच्या अंतराने. कॉम्प्युटर कितीही वेगवान आणा, हा भागाकार बदलत नाही.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं दस्तावेजीकरण वाचावं. विंडोज माउसच्या हालचालीचे संदेश एकत्र करून देते. मधले बिंदू हवेच असतील तर त्यासाठी वेगळं फंक्शन आहे, आणि तेही शेवटचे 64 बिंदूच परत देतं. क्रोम ब्राउझरही 2017 पासून हालचालीचे इव्हेंट फ्रेमच्या तालावर एकत्र करून पोचवतो.

उपाय काय? ठिपका काढू नका, रेघ काढा. मागची जागा लक्षात ठेवायची आणि तिथपासून आत्ताच्या जागेपर्यंत रेघ ओढायची. प्रोसेसिंग या भाषेत 'पीमाउसएक्स' आणि 'पीमाउसवाय' आहेत, त्यांत मागच्या फ्रेममधली जागा आयती मिळते. पायगेमच्या माउसमोशन इव्हेंटमध्ये 'रेल' असतं, म्हणजे मागच्या जागेपासून माउस किती सरकला ते. आत्ताच्या जागेतून ते वजा केलं की मागची जागा हातात. दोन बिंदूंमधले पिक्सेल भरायची ब्रेझनहॅम यांची रीत 1965 सालीच छापून आली आहे, आणि ग्राफिक्सच्या लायब्ररीत हे काम तयारच असतं. मागची जागा स्वतः सांभाळत असाल तर एवढं पाहा: बटण नव्याने दाबलं की ती तिथूनच सुरू करा. नाहीतर आधीच्या चित्राच्या टोकापासून आडवी रेघ येते, आणि पुन्हा माउसलाच बोल लागतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

कर्सर कुठे आहे हे माउसला माहीत असतं? नसतं. माउस उचलून दुसरीकडे ठेवा, कर्सर जागचा हलत नाही.

डबल क्लिक माउस पाठवतो? माउस फक्त बटण दाबलं-सोडलं एवढंच सांगतो. दोन क्लिकची जोडी विंडोज लावते, मूळ सेटिंगप्रमाणे 500 मिलिसेकंदांच्या आत.

'वाय' वर वाढतो? शाळेतल्या आलेखात. इथे शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात असतं आणि 'वाय' खाली वाढत जातो.

बटण दाबलंय का हे लूपमध्ये तपासलं की पुरे? दोन तपासण्यांच्या मधे झालेला चटकन क्लिक निसटतो. सगळ्या घडामोडी हव्या असतील तर इव्हेंटच वाचा, असं पायगेमच्या दस्तावेजीकरणातही लिहिलेलं आहे.

बटण सोडल्याची खबर नेहमी मिळते? वेबपानावरच्या कॅनव्हासवर रेघ ओढता ओढता हात कॅनव्हासबाहेर गेला आणि बटण तिथे सुटलं, तर कॅनव्हासला ते कळत नाही. परत आत आलात की बोट उचललेलं असूनही रेघ उमटत राहते. बटण दाबताच 'सेटपॉइंटरकॅप्चर' बोलवा, मग बाहेर सुटलेलं बटणही त्याच कॅनव्हासला कळतं.