चित्रपुस्तके, अमूर्त आकारांची
चित्रपुस्तके, अमूर्त आकारांची : ठिपका, वर्तुळ, चौकोन, रेषा, फाडलेल्या कागदाचा तुकडा अशा, कोणत्याही वस्तूचे हुबेहूब चित्रण न करणाऱ्या आकारांतून कथा वा अनुभव साकार करणारी लहान मुलांची पुस्तके. नेहमीच्या चित्रपुस्तकातील चित्र वस्तूची ओळख पटवून देते. येथे आकाराला अर्थ देण्याचे काम बहुतांशी बालवाचकाकडे असते.

या प्रकाराची मुळे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अमूर्त कलेत आढळतात. रशियन चित्रकार एल लिसिट्‌स्की (१८९०–१९४१) याचे दोन चौकोनांची कथा सांगणारे पुस्तक १९२२ मध्ये बर्लिन येथे प्रसिद्ध झाले. त्यात तांबडा व काळा चौकोन दुरून पृथ्वीवर येतात आणि तेथील अव्यवस्था मोडून नव्या रचनेस प्रारंभ होतो. अमेरिकन चित्रकार चार्ल्‌स शॉ (१८९२–१९७४) याच्या १९४७ मधील पुस्तकात निळ्या पार्श्वभूमीवरील पांढरा आकार कधी ससा, कधी पक्षी, तर कधी झाड भासतो व अखेरीस तो ढग ठरतो. लिओ लिओनी (१९१०–९९) याने आगगाडीच्या प्रवासात नातवंडांना रमविण्यासाठी मासिकाच्या पानांचे रंगीत तुकडे फाडून एक गोष्ट रचली. तीवरून लिट्‌ल ब्ल्यू अँड लिट्‌ल यलो (१९५९) हे पुस्तक तयार झाले. त्यातील निळा व पिवळा तुकडा परस्परांना मिठी मारून हिरवे होतात आणि त्यामुळे त्यांचे आईवडीलही त्यांना ओळखत नाहीत. स्विस चित्रकर्त्री वार्या लाव्हाटेर (१९१३–२००७) हिने १९६५ मध्ये लाल टोपीवाल्या मुलीची लोककथा घडीच्या लांब पट्टीवर मुख्यतः ठिपक्यांनी मांडली. त्यात मुलगी लाल व लांडगा काळा ठिपका आहे. इटालियन कलावंत ब्रूनो मुनारी (१९०७–९८) याने १९८० मध्ये वाचता न येणाऱ्या मुलांसाठी कागद, कापड, लाकूड इत्यादींची बारा छोटी शब्दविरहित पुस्तके तयार केली. फ्रेंच चित्रकार एर्व्हे ट्यूले याच्या २०१० मधील पुस्तकात मूल ठिपका दाबते आणि पान उलटताच ठिपके वाढलेले दिसतात.

साध्या आकारांत जिवंतपणा पाहण्याची प्रवृत्ती माणसात स्वाभाविक आहे. फ्रिट्‌स हाइडर व मेरिअन सिमेल यांच्या १९४४ मधील प्रयोगात त्रिकोण व वर्तुळ यांच्या हालचालींचा चित्रपट पाहून जवळजवळ सर्व प्रौढ प्रेक्षकांनी पाठलाग, भांडण अशा मानवी कृतींचे वर्णन केले. साधारणतः दुसऱ्या वर्षी मुलात एका वस्तूस दुसरीचे प्रतीक मानण्याची शक्ती विकसित होऊ लागते. काठीला घोडा मानणाऱ्या मुलास ठिपक्याला मुलगी मानणे कठीण जात नाही. आकारात तपशील कमी असल्याने स्थान, अंतर, रंग व लहानमोठेपणा यांनाच अर्थ प्राप्त होतो : मोठ्या काळ्या ठिपक्याजवळचा लहान ठिपका भीती सूचित करतो, तर एकमेकांना चिकटलेले दोन तुकडे माया.

अशा पुस्तकांचे यश ती मुलांपुढे कशी ठेवली जातात, यावरही अवलंबून असते. ‘हे काय आहे?’ असे परीक्षेसारखे विचारून एकच उत्तर मान्य केल्यास पुस्तकाचा हेतू विफल होतो. मुलाचे उत्तर ऐकून ‘मग पुढे काय झाले?’ असे विचारणे अधिक उपयुक्त ठरते. वस्तूंची नावे व रूपे शिकविण्यास मात्र वास्तव चित्रेच सोयीची असल्याने ही पुस्तके त्यांची जागा घेत नाहीत, तर त्यांना पूरक ठरतात.