पॉडकास्ट मध्येच का थांबतात? आशयाच्या वेळापत्रकाचे गणित

पॉडकास्ट सुरू करणे आज जितके सोपे आहे, तितके तो चालू ठेवणे सोपे नाही. बऱ्यापैकी मायक्रोफोन, संगणकावरील एखादे मोफत ध्वनिसंपादन सॉफ्टवेअर आणि भाग साठवून ठेवणारी होस्टिंग सेवा एवढ्या सामग्रीवर पहिला भाग श्रोत्यांपर्यंत पोहोचतो. पहिल्या तीन-चार भागांचे विषय आधीच सुचलेले असतात, पाहुणेही ओळखीतलेच असतात. कसोटी लागते ती त्यानंतर. आठवड्याचे अंतर पंधरा दिवसांवर जाते, पंधरा दिवसांचा महिना होतो आणि एके दिवशी कोणतीही घोषणा न होता कार्यक्रम थांबतो. शेवटच्या भागातले ‘पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू’ हे वाक्य तेवढे तिथे तसेच राहून जाते.

या प्रकाराला ‘पॉडफेडिंग’ असे नाव आहे आणि ते या माध्यमाइतकेच जुने म्हणावे लागेल. ‘पॉडकास्टिंग’ हा शब्द फेब्रुवारी २००४ मध्ये ब्रिटनच्या ‘द गार्डियन’मधील एका लेखात पत्रकार बेन हॅमर्सली यांनी सुचवला. ॲपलने जून २००५ मध्ये आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सोय करून दिली. माध्यम असे नुकते कुठे अंकुरत असतानाच त्याच्या कोमेजण्यालाही नाव द्यावे लागले.

थांबलेल्या पॉडकास्टचे निर्माते बहुधा ‘वेळ मिळाला नाही’ असे कारण देतात. हे कारण खोटे नसते, पण अपुरे असते. वेळ किती लागणार आणि किती उपलब्ध आहे, याचा हिशेब सुरुवातीलाच मांडलेला नसतो. समजा, नोकरी सांभाळून पॉडकास्ट करणाऱ्या एखाद्या व्यक्तीला आठवड्याला आठ तास काढता येतात. विषयाचे वाचन, पाहुण्यांशी बोलणी, प्रत्यक्ष रेकॉर्डिंग, एडिटिंग, भागाचे शीर्षक व वर्णन आणि समाजमाध्यमांसाठी छोट्या चित्रफिती हे सारे मिळून एका भागाला दहा तास लागतात असे धरले, तर दर आठवड्याला दोन तासांची तूट येते. चार आठवड्यांत ही तूट आठ तासांची होते, म्हणजे एका अख्ख्या आठवड्याचे बळ संपते. पाचव्या आठवड्यात भाग चुकतो तो आळसामुळे नव्हे, साध्या वजाबाकीमुळे. याच व्यक्तीने पंधरवड्याला एक भाग असे ठरवले असते, तर सोळा तासांतून दहा तास वापरून सहा तास पुढच्या भागासाठी शिल्लक राहिले असते. आशयाचे वेळापत्रक आखण्याचा पहिला लाभ हाच. श्रोत्यांना शब्द देण्याआधी तो पाळता येईल की नाही, हे कागदावरच कळते.

नभोवाणीला हा प्रश्न कधी पडला नाही, कारण तिथे घड्याळच मालक असते. आकाशवाणीच्या केंद्रांवर कोणत्या वारी, कोणत्या वेळी, कोणत्या प्रकारचा कार्यक्रम जाणार हे ठरवून देणारा ‘फिक्स्ड पॉइंट चार्ट’ असतो आणि त्या चौकटीत विषय व वक्ते भरले जातात. रेडिओ सिलोनवर १९५२ मध्ये सुरू झालेली अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ बुधवारी रात्री आठ वाजता लागत असे आणि तो बुधवार त्या काळच्या असंख्य घरांच्या दिनक्रमाचा भाग झाला होता. पॉडकास्टला अशी ठरावीक वेळ नसते, श्रोता हवे तेव्हा ऐकू शकतो. मग वेळापत्रकाची गरजच काय, असा प्रश्न साहजिक आहे.

त्याचे उत्तर श्रोत्याच्या दिवसात सापडते. श्रोता ‘हवे तेव्हा’ ऐकतो असे म्हटले, तरी प्रत्यक्षात तो रोजच्या त्याच वेळी ऐकतो. कुणी लोकलच्या प्रवासात, कुणी सकाळी फिरताना, कुणी स्वयंपाक करताना. त्या वेळेत नवा भाग हाताशी नसेल, तर ती जागा दुसरा कार्यक्रम घेतो आणि एकदा गेलेली जागा सहसा परत मिळत नाही. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने १ फेब्रुवारी २०१७ रोजी सुरू केलेल्या ‘द डेली’ची रचना याच जाणिवेतून झालेली दिसते. आठवड्यातील पाच दिवस, सकाळच्या वेळी, साधारण अर्ध्या तासाच्या आत संपणारा भाग असे तिचे स्वरूप होते. कामावर निघालेल्या माणसाच्या प्रवासात मावेल असेच ते माप आहे.

पॉडकास्टला घराघरांत नेणारा कार्यक्रम म्हणून अमेरिकेतील ‘सीरियल’चे नाव घेतले जाते. ऑक्टोबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या त्याच्या पहिल्या पर्वाचे बारा भाग गुरुवारी येत गेले. पुढचे भाग प्रसारणाच्या काळातच घडवले जात होते. त्यामुळे उत्कंठा वाढली, पण निर्मात्यांवरचा ताणही वाढला असणार. दुसरे पर्व डिसेंबर २०१५ मध्ये साप्ताहिक म्हणून सुरू झाले आणि जानेवारी २०१६ मध्ये ते पाक्षिक करण्यात आले. वार्तांकनाला अधिक वेळ हवा असल्याचे श्रोत्यांना उघडपणे सांगण्यात आले. याच मंडळींनी मार्च २०१७ मध्ये ‘एस-टाउन’चे सातही भाग एकाच दिवशी खुले केले. एकाच चमूने तीन वेगवेगळ्या लयी वापरल्या, पण तिन्ही वेळा आपल्याला काय आणि कधी मिळणार, हे श्रोत्याला ठाऊक होते.

भारतात याचे सर्वांत ठळक उदाहरण पॉडकास्ट म्हणून नव्हे, तर नभोवाणीचा कार्यक्रम म्हणून जन्मलेले आहे. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांची ‘मन की बात’ ३ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झाली. महिन्याचा शेवटचा रविवार आणि सकाळी अकराची वेळ हे तिचे ठरलेले स्थान आहे. ३० एप्रिल २०२३ रोजी तिचा शंभरावा भाग प्रसारित झाला. कार्यक्रमाच्या आशयाविषयी मतमतांतरे असू शकतात, मात्र नियोजनाच्या दृष्टीने त्यातील दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. विषयांसाठी नागरिकांच्या सूचना आधीच मागवल्या जातात, त्यामुळे प्रसारणाची तारीख हीच सूचनांची, लेखनाची आणि विविध भाषांतील रूपांतरांची मुदत ठरवते. दुसरी गोष्ट, २०१९ आणि २०२४ च्या लोकसभा निवडणुकांआधी कार्यक्रमाला खंड पडणार असल्याचे फेब्रुवारीच्या भागातच सांगण्यात आले होते. दोन्ही वेळा तो जूनच्या अखेरच्या रविवारी पुन्हा सुरू झाला. सांगून घेतलेली सुटी आणि न सांगता पडलेला खंड यांत श्रोत्याच्या लेखी मोठे अंतर असते.

हे अंतर आता ॲपच्या लेखीही पडू लागले आहे. पॉडकास्टचा भाग श्रोत्याच्या फोनवर येतो तो आरएसएस फीडमार्फत. फीड म्हणजे भागांची यादी असलेली एक फाइल. ॲप ती वरचेवर तपासते आणि नवी नोंद दिसली की सदस्यांना कळवते किंवा भाग आपोआप उतरवून ठेवते. ॲपलने २०२३ मधील आयओएस १७ या आवृत्तीपासून या आपोआप उतरवण्यावर मर्यादा आणली. श्रोता बरेच दिवस भाग ऐकत नसेल तर डाऊनलोड थांबते आणि तो परतल्यावर मधले साचलेले जुने भाग आपोआप उतरवले जात नाहीत. या बदलानंतर अनेक प्रकाशकांच्या डाऊनलोडच्या आकड्यांना कात्री लागली. विशेष म्हणजे झळ बसली ती वारंवार भाग टाकणाऱ्यांना. जितके अधिक भाग तितके चांगले, हा समज त्यामुळे डळमळीत झाला. श्रोता जेवढे ऐकू शकतो तेवढेच द्यावे, हा विचारही वेळापत्रकात यावा लागतो.

आर्थिक बाजू याला जोडूनच येते. अनेक जाहिरात करारांत भाग प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत झालेले डाऊनलोड मोजले जातात. दिवाळीच्या खरेदीसाठी दिलेली जाहिरात भाऊबीज उलटल्यावर आलेल्या भागात वाजली, तर जाहिरातदाराला तिचा उपयोग नाही. पुढचे तीन महिने कोणते भाग कोणत्या तारखांना येणार, हे सांगू न शकणाऱ्या निर्मात्याशी करार करायला कोणी फारसे उत्सुक नसते. लहान प्रादेशिक कार्यक्रमांच्या दृष्टीने ही गोष्ट अधिकच जिव्हाळ्याची. त्यांचे श्रोते संख्येने कमी असतात, त्यामुळे नियमितपणा हेच त्यांचे भांडवल.

भारतीय निर्मात्याला वेळापत्रक आखताना पंचांगही समोर ठेवावे लागते. केंद्रीय अर्थसंकल्प २०१७ पासून १ फेब्रुवारीला मांडला जातो, त्यामुळे तो समजावून सांगणाऱ्या अर्थतज्ज्ञाची वेळ जानेवारीतच मागून ठेवावी लागते. खरिपाच्या बियाणे निवडीवरील भाग जुलैत आला तर शेतकऱ्याच्या दृष्टीने तो वर्षभर उशिरा आला, कारण पेरणी पावसाबरोबर जूनमध्येच सुरू होते. असा भाग एप्रिलमध्ये रेकॉर्ड करून मेच्या मध्यापर्यंत श्रोत्यांच्या हाती पडायला हवा. पाहुण्यांचेही हंगाम असतात. विवरणपत्रांच्या धामधुमीत सनदी लेखापाल, परीक्षांच्या काळात प्राध्यापक आणि अधिवेशनात लोकप्रतिनिधी सापडत नाहीत.

आणखी एक अडचण परदेशी मार्गदर्शिकांत सहसा आढळत नाही. ती म्हणजे आवाज. घरच्या खोलीत रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी गणेशोत्सवातले ढोल-ताशे, दिवाळीचे फटाके, लग्नसराईतल्या वराती आणि पत्र्यावर कोसळणारा पाऊस हे सारे मायक्रोफोनचे शत्रू आहेत. मे महिन्यात पंखा बंद करून तासभर मुलाखत घेणे ही पाहुण्याच्या संयमाची परीक्षाच. ज्यांच्याकडे ध्वनिरोधक स्टुडिओ नाही, त्यांनी या दिवसांतील भाग आधीच रेकॉर्ड करून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

असे दोन-तीन तयार भाग हाताशी असणे हाच वेळापत्रकाचा कणा. त्यांचे विषय ताज्या घडामोडींवर अवलंबून नसावेत, म्हणजे पाहुणा ऐनवेळी आजारी पडला किंवा रेकॉर्डिंगची फाइल खराब झाली तरी फीड रिकामे राहत नाही. मराठी वाचकाला ही पद्धत अनोळखी नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दिवाळीला वाचकाच्या हाती पडणाऱ्या अंकाची जुळवाजुळव संपादक काही महिने आधी सुरू करत आले आहेत. पॉडकास्टचे नियोजनही एका साध्या तक्त्यात होऊ शकते. प्रसारणाची तारीख, विषय, पाहुणा, रेकॉर्डिंगचा दिवस, एडिटिंगची मुदत आणि काम कुठवर आले याची नोंद, एवढे रकाने पुरेसे आहेत. बहुतेक होस्टिंग सेवांवर भाग आधी चढवून प्रसिद्धीची तारीख व वेळ ठरवून देता येते, त्यामुळे निर्माता प्रवासात असला तरी भाग ठरल्या वेळी येतो.

या सगळ्याला एक भक्कम अपवाद आहे आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. अमेरिकेतील डॅन कार्लिन यांच्या ‘हार्डकोर हिस्टरी’चे भाग काही तासांचे असतात आणि दोन भागांत कित्येक महिने जातात. दुसऱ्या महायुद्धातील जपानवरील त्यांची सहा भागांची मालिका जुलै २०१८ मध्ये सुरू होऊन जून २०२१ मध्ये संपली. तरीही श्रोते थांबून राहिले. मात्र कार्लिन यांच्यामागे २००६ पासून जमवलेला विश्वास होता आणि प्रत्येक भाग एखाद्या ग्रंथाइतका ऐवज देत होता. नव्या निर्मात्याने त्यांच्या अनियमिततेचे अनुकरण करणे म्हणजे गायकीच्या तयारीशिवाय नुसत्या लकबी उचलण्यासारखे आहे.

अतिनियोजनाचेही तोटे आहेत. सहा महिन्यांचे भाग आधी भरून ठेवले तर ते शिळे होतात. मुलाखत दिलेला अधिकारी दरम्यान बदलून जातो, ज्या योजनेवर चर्चा झाली तिचे नियम बदलतात. म्हणून चारांपैकी एखादी जागा तक्त्यात मुद्दाम मोकळी ठेवणे बरे. दर आठवड्याचा शब्द झेपत नसलेल्यांसाठी पर्वांची पद्धत अधिक सोयीची आहे. आठ-दहा भाग करावेत, शेवटच्या भागात परतण्याचा महिना सांगावा आणि विश्रांतीच्या काळात पुढच्या पर्वाची तयारी करावी. तांत्रिकदृष्ट्याही ती सोय आहे. ॲपलने २०१७ मध्ये फीडमध्ये पर्वाचा क्रमांक देण्याची तसेच पूर्ण भाग, झलक आणि जादा भाग अशी वेगळी नोंद करण्याची तरतूद केली. त्यामुळे विश्रांतीच्या काळात एखादी दोन मिनिटांची झलक टाकून पुढच्या पर्वाची तारीख कळवता येते.