हवेची कुंडली (लेखांक सातवा) : फुकटचा नायट्रोजन, विकतचा नायट्रोजन

करोनाच्या दुसऱ्या लाटेत, मे 2021 मध्ये, कळंब तालुक्यातल्या चोराखळी येथील धाराशिव साखर कारखान्याने एक वेगळाच माल बाहेर काढला. साखर नाही, मळी नाही, इथेनॉलही नाही. रुग्णालयांसाठी ऑक्सिजन. साखर कारखान्यांनी ऑक्सिजननिर्मितीत उतरावे, असे आवाहन शरद पवार यांनी केले होते. त्याला प्रतिसाद देत इथेनॉल प्रकल्पात फेरबदल करून ऑक्सिजन तयार करणारा देशातला पहिला कारखाना म्हणून चोराखळीचे नाव झाले. (जिल्हा तेव्हा कागदोपत्री उस्मानाबाद होता. धाराशिव हे नाव मिरवण्यात कारखाना सरकारच्या पुढे होता.)

उसाच्या कारखान्याचा आणि प्राणवायूचा संबंध काय? संबंध आहे तो झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खनिजाच्या बारीक गोळ्यांचा. मळी आंबवून, ऊर्ध्वपातन करून मिळणारे अल्कोहोल 95-96 टक्क्यांवर येऊन अडते. उरलेले पाणी कितीही उकळले तरी वेगळे होत नाही, कारण त्या प्रमाणात दोन्हींची वाफ एकत्रच निघते. पेट्रोलमध्ये मिसळायचे तर हे पाणी चालत नाही. म्हणून ती वाफ झिओलाइटच्या गोळ्यांनी भरलेल्या उंच टाक्यांतून नेतात. गोळ्यांच्या छिद्रांत पाण्याचा रेणू शिरतो, अल्कोहोलचा मोठा रेणू बाहेरच राहतो.

गोळ्यांचा प्रकार बदलला, आणि वाफेऐवजी दाबलेली कोरडी हवा सोडली, की अशीच व्यवस्था हवेची फोड करू लागते. इथे मात्र आकाराचा प्रश्न नसतो. नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे रेणू जवळजवळ सारख्याच मापाचे. पण नायट्रोजनच्या रेणूतली विद्युतभाराची वाटणी अशी असते, की झिओलाइटमधले धन आयन त्याला अधिक जोराने धरून ठेवतात. दाब वाढवला की नायट्रोजन चिकटतो आणि ऑक्सिजन पुढे निघून जातो. दाब उतरवला की चिकटलेला नायट्रोजन सुटतो. दोन टाक्या पाळीच्या कामगारांसारख्या आलटून पालटून राबतात आणि सुटलेला नायट्रोजन पुन्हा हवेत सोडून दिला जातो.

अशा संयंत्रातून येणारा ऑक्सिजन 93 टक्क्यांच्या आसपास असतो. वैद्यकीय वापरासाठी तो मान्य आहे. पण शंभर का नाही? यात यंत्राचा दोष फारसा नाही. हवेत ऑक्सिजन 20.95 टक्के आणि आर्गॉन 0.93 टक्के असतो. झिओलाइटच्या दृष्टीने या दोघांत काही फरक नाही, दोघेही पुढे निसटतात. सगळा नायट्रोजन काढून टाकला तरी उरलेल्या वायूत ऑक्सिजन फार तर 95.7 टक्के भरेल. बाकीचा आर्गॉन.

याच आर्गॉनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लॉर्ड रॅले यांना चक्रावून सोडले होते. हवेतून मिळवलेला नायट्रोजन रासायनिक संयुगांतून मिळवलेल्या नायट्रोजनपेक्षा साधारण अर्धा टक्का जड भरत होता. एखाद्याने तराजूला दोष देऊन विषय मिटवला असता. रॅले आणि विल्यम रॅम्झी यांनी तो धसास लावला आणि 1894 मध्ये आर्गॉन जाहीर केला. हेच रॅम्झी 1900 मध्ये जमशेटजी टाटांच्या नियोजित विज्ञानसंस्थेसाठी जागा पाहायला भारतात आले आणि त्यांनी बंगळुरूची शिफारस केली. चार वर्षांनी रॅले यांना भौतिकशास्त्राचे आणि रॅम्झी यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनच्या टंचाईच्या बातम्यांसोबत एक भीतीही पसरली होती : हवेतला ऑक्सिजनच कमी होत चालला आहे. तो कमी होतो आहे, हे खरे. शास्त्रज्ञ राल्फ कीलिंग यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून त्याची नेमकी मोजणी चालवली आहे. दर वर्षी हवेच्या दहा लाख रेणूंमागे ऑक्सिजनचे साधारण चार रेणू घटतात, तेही मुख्यतः कोळसा, तेल आणि वायू जाळल्यामुळे. दहा लाखांत दोन लाख नऊ हजार शिल्लक असताना चारची घट श्वासाला जाणवत नाही. टंचाई होती ती टाक्यांची, टँकरची आणि संयंत्रांची.

राल्फ यांचे वडील चार्ल्स कीलिंग यांनी 1958 मध्ये हवाईच्या मौना लोआवर कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली, तेव्हा तो दहा लाखांत सुमारे 315 होता. आज 420 च्या पुढे आहे. एकाच धुराड्याची ही दोन खाती आहेत. भरल्या खात्यातून चार गेले तर कळत नाही, रिकाम्या खात्यात दोन-तीन पडले तर लगेच दिसतात. माणसाच्या कर्तबगारीचा माग नायट्रोजनच्या 78 आणि ऑक्सिजनच्या 21 टक्क्यांत शोधून सापडत नाही. तो दहा लाखांतल्या, कित्येकदा अब्जातल्या, भागांत सापडतो.

आता टाकीतून सोडून दिलेल्या नायट्रोजनकडे वळू.

धाराशिव शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. एवढ्या उंचीवरच्या एका एकर रानावर उभ्या असलेल्या हवेत जवळपास 29 हजार टन नायट्रोजन असतो. आडसाली उसाला राज्यात शिफारस आहे ती हेक्टरी 400 किलो नायट्रोजनची, म्हणजे एकरी 160 किलो. डोक्यावर 29 हजार टन असताना हे 160 किलो शेतकरी कृषी सेवा केंद्रातून पोत्याने विकत आणतो. कारण नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने जखडलेले असतात आणि तो बंध तोडण्याची ताकद उसाच्या मुळांत नाही. वीज कडाडली की थोडा तुटतो. सोयाबीन, तूर, हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम जिवाणू तो शांतपणे, रानातल्या साध्या तापमानाला तोडतात. जिल्ह्याचा खरीप व्यापणारे सोयाबीन आपल्या नायट्रोजनचा मोठा वाटा असा हवेतूनच उचलते.

माणसाला हे जमले 1909 मध्ये, फ्रिट्झ हाबर यांच्या प्रयोगशाळेत. 1913 मध्ये कार्ल बॉश यांनी त्याचा कारखाना उभा केला. प्रचंड दाब, चारशे-पाचशे अंश तापमान आणि लोखंडाचा उत्प्रेरक. अलिबागजवळच्या थळ येथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स (आरसीएफ) कारखान्याचा युरिया आजही त्याच वाटेने, नैसर्गिक वायू खर्चून तयार होतो. 45 किलोच्या पोत्यात 46 टक्के, म्हणजे सुमारे 20.7 किलो नायट्रोजन. अनुदानामुळे पोते इतके स्वस्त पडते की हात आखडता घ्यायचे कारणच उरत नाही.

पिकाच्या तोंडी यातला साधारण निम्माच लागतो, कित्येकदा त्याहून कमी. बाकीचा काही अमोनिया होऊन उडतो, काही नायट्रेट होऊन विहिरी-बोअरच्या पाण्यात उतरतो. मोकाट पाणी दिलेल्या काळ्या रानात हवा कोंडली की जमिनीतले जिवाणू श्वासासाठी नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढून घेतात. त्यातून बराचसा नायट्रोजन निरुपद्रवी रूपात हवेत परततो, पण थोडा अर्ध्या वाटेवर नायट्रस ऑक्साइड होऊन निसटतो. टाकलेल्या नायट्रोजनच्या एक टक्का ही आंतरराष्ट्रीय हिशेबातली ढोबळ मात्रा धरली, तर युरियाच्या एका पोत्यामागे सुमारे सव्वातीनशे ग्रॅम नायट्रस ऑक्साइड.

सव्वातीनशे ग्रॅमला कोण विचारतो? पण शंभर वर्षांच्या हिशेबात या वायूची तापवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट आहे. म्हणजे पोत्यामागे जवळपास 90 किलो कार्बन डायऑक्साइडएवढा परिणाम, आणि यात युरिया तयार करताना जळलेला वायू धरलेलाच नाही. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत हा वायू अब्जात 270 होता, आता 335 च्या वर आहे. एकदा वर गेला की शतकभर मुक्काम ठोकतो.

त्या मुक्कामात तो आणखी एक काम करतो. पॉल क्रुटझेन यांनी 1970 मध्ये दाखवून दिले की स्थितांबरात पोचलेल्या नायट्रस ऑक्साइडपासून बनणारे नायट्रोजनचे ऑक्साइड ओझोन नष्ट करतात. ओझोनविषयीच्या या कामासाठी 1995 च्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. ओझोन नष्ट करणाऱ्या सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन) वायूंवर जगाने बंदी घातल्यानंतर, 2009 मध्ये ए. आर. रविशंकर आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला, तेव्हा ओझोनला धक्का देणाऱ्या मानवी उत्सर्जनांत नायट्रस ऑक्साइडचा क्रमांक पहिला निघाला. ही बंदी घालणाऱ्या मॉन्ट्रियल कराराच्या यादीत तो नाही. शेतीतून निघणाऱ्या वायूवर बंदी घालणार तरी कशी?

चोराखळीच्या इथेनॉलचा मुद्दा इथे पुन्हा येतो. किण्वनात जेवढे अल्कोहोल बनते, जवळजवळ तेवढ्याच वजनाचा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो उसानेच हवेतून घेतलेला असल्याने खाते बरोबरीत सुटते, असा इथेनॉलच्या बाजूचा युक्तिवाद असतो, आणि तो चुकीचा नाही. क्रुटझेन आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये त्यात खताची बाजू जोडली. मोहरीवर्गीय रेपसीड आणि मका यांच्या इंधनाचा फायदा नायट्रस ऑक्साइड बऱ्याच अंशी गिळून टाकतो, असे त्यांचे गणित निघाले. ऊस त्या मानाने चांगला ठरला. पण उसापासून इथेनॉल करणाऱ्या ब्राझीलमध्ये त्याला पडणारा नायट्रोजन महाराष्ट्राच्या शिफारशीपेक्षा बराच कमी असतो. त्यामुळे चोराखळीच्या लिटरभर इथेनॉलची हिरवाई डिस्टिलरीत कमी आणि उसाच्या सरीत जास्त ठरते.

सरीत करण्याजोगे थोडेफार आहे. 2015 पासून देशातल्या सगळ्या युरियाला निंबोळी तेलाचे वेष्टण सक्तीचे झाले. त्याने अमोनियमचे नायट्रेट होण्याचा वेग मंदावतो. ठिबकमधून खत थोडे थोडे सोडले तर रान चिंब होत नाही आणि नायट्रेटचा साठा मुळांजवळ पडून राहत नाही. खोडव्यात पाचट पेटवण्याऐवजी सरीत ठेवले तर हेक्टरी आठ-दहा टन सेंद्रिय माल जमिनीला मिळतो. पेटवले तर त्यातला बहुतेक नायट्रोजन धुरावाटे जातो, सोबत कार्बन मोनॉक्साइड आणि काजळी. ऊसतोडीच्या हंगामात संध्याकाळी रानावर तरंगणारा निळसर थर तो हाच.

त्या धुरातल्या कणांचे ढगांशी काय नाते असते, आणि 2018 व 2019 च्या पावसाळ्यांत पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेने शेजारच्या सोलापूर परिसरातल्या ढगांत मुद्दाम कण का फवारले, ते पुढच्या आठवड्यात.